पीडीएफचे गोदाम म्हणजे अभ्यासक्रम नव्हे

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती फिरायला लागतात. संविधान साक्षरता, ॲट्रॉसिटी कायदा, स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता. निळे पोस्टर, बाबासाहेबांचा फोटो, खाली गूगल फॉर्मची लिंक आणि ठळक अक्षरात 'सहभागी होणाऱ्या प्रत्येकास प्रमाणपत्र'. हे करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पदरचे पैसे घालून, रात्री जागून ही मुले हे उभे करतात. शंका आहे ती त्या लिंकच्या पलीकडे काय असते याबद्दल.

पलीकडे असतात चाळीस पीडीएफ. त्यातल्या निम्म्या स्कॅन केलेल्या, काही आडव्या. त्याखाली दोन-दोन तासांची झूमची रेकॉर्डिंग, ज्यांची पहिली वीस मिनिटे प्रतिमापूजन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि 'सर, तुमचा माइक म्यूट आहे' यात जातात. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी. संविधान कोणत्या दिवशी लागू झाले? मसुदा समितीचे अध्यक्ष कोण? ज्याने कोर्समधले एक अक्षर वाचले नाही तोही त्यात दहापैकी नऊ घेतो, कारण हे त्याला भीमजयंतीच्या मंडपातच पाठ झालेले असते.

अलीकडे यात एक भर पडली आहे. एखादा इंजिनिअर कार्यकर्ता सर्व्हरवर मूडल बसवून देतो. मूडल म्हणजे एलएमएस, लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम. धडे, चाचण्या, चर्चा, गुण आणि कोण कुठवर पोहोचले याची नोंद एका जागी ठेवणारे सॉफ्टवेअर. मग त्याच चाळीस पीडीएफ आणि तीच रेकॉर्डिंग मूडलवर चढतात आणि पोस्टरवर 'अत्याधुनिक ई-लर्निंग प्लॅटफॉर्म' असे छापून येते. माल तोच, फक्त गोदामाला शटर बसले.

माझा वाद इथेच आहे. अभ्यासक्रम म्हणजे माहितीचा साठा नाही. शिकणारा आज कुठे उभा आहे आणि शेवटी त्याच्या हातून काय झाले पाहिजे, या दोन टोकांमधली वाट म्हणजे अभ्यासक्रम. ती वाट कुणाच्या पायांचे माप घेऊन आखायची हा राजकीय प्रश्न आहे. तो आपण सॉफ्टवेअरवर सोपवून मोकळे होऊ शकत नाही.

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्याबद्दल आपण भाषणांत पुष्कळ बोलतो, पण एका साध्या गोष्टीकडे लक्ष देत नाही. ते कॉलेज सकाळी भरत असे. कारण दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला पदवी घेता आली पाहिजे. इतर कॉलेजांनी वेळ ठरवताना गृहीत धरलेला विद्यार्थी म्हणजे बापाच्या पैशावर शिकणारा, दिवसभर मोकळा मुलगा. सिद्धार्थने गृहीत धरलेला विद्यार्थी कारकून होता, कामगार होता. विद्यापीठ तेच, परीक्षाही तीच, पण घड्याळाचा काटा सरकवला आणि कॉलेजचे दार वेगळ्या माणसासाठी उघडले. आजच्या भाषेत याला 'कोर्स डिझाइन' म्हणतात. आपल्याकडे त्याची परंपरा ऐंशी वर्षांची आहे आणि तरी आपण रोज संध्याकाळी सातला लाइव्ह लेक्चर ठेवतो. त्या वेळी चाकणचा कंत्राटी कामगार शिफ्टमध्ये असतो. घरातली मुलगी चुलीपुढे असते. मोबाइल बापाच्या किंवा भावाच्या हातात असतो. मग आपणच म्हणतो, 'पोरांना गांभीर्य नाही.'

हे 'पोरांना गांभीर्य नाही' प्रकरण जरा तपासू या, कारण ते फक्त आपल्याकडचे नाही. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी जगाला फुकट ऑनलाइन शिक्षण देण्याची घोषणा केली. गरिबाच्या झोपडीत हार्वर्ड, अशी ती भाषा. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सच्या सहा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी साधारण ३ टक्क्यांनी कोर्स पुरा केला होता. आणि शिकायला आलेले लोक बहुतांशी श्रीमंत देशांतले होते. झोपडी राहिली बाजूला.

त्याहून बोलका प्रसंग २०१३ चा आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने 'युडॅसिटी' या कंपनीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे ऑनलाइन कोर्स घेतले. मोठ्या संख्येने विद्यार्थी नापास झाले आणि काही महिन्यांतच प्रयोग थांबवावा लागला. कंपनीचे संस्थापक सेबॅस्टियन थ्रुन यांनी त्यानंतर एका मुलाखतीत दिलेले कारण असे होते : ही मुले बिकट वस्त्यांमधली, त्यांच्याकडे धड संगणक नाहीत, आयुष्यात नाना अडचणी, अशा गटासाठी हे माध्यम योग्य नाही. कोर्स ज्याने बनवला तो पास, ज्याच्यासाठी बनवला तो नापास! गुणवत्तेच्या नावाने आपल्या तोंडावर मारले जाणारे वाक्य हेच आहे, फक्त ते इंग्रजीत आणि सभ्य आवाजात बोलले गेले.

आता आपल्यातल्या दुसऱ्या बाजूबद्दल. काही जुने सहकारी म्हणतात, ऑनलाइन शिक्षण हा सगळा भांडवली-ब्राह्मणी डाव आहे, त्याच्या नादी लागू नका, विहारात वर्ग भरवा. त्यांचा राग समजतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्के घरांत. त्यानंतर दोन वर्षांत टाळेबंदी आली, शाळा मोबाइलवर गेल्या आणि कुणाची मुले शाळेबाहेर फेकली गेली हे आपण वस्त्यांत डोळ्यांनी पाहिले. केंद्र सरकारचे 'स्वयम्' २०१७ च्या जुलैमध्ये सुरू झाले. पदवीच्या एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंतचे विषय त्यावरून घ्यायला यूजीसीची मुभा होती, ती २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. एकीकडे प्राध्यापकांच्या जागा, त्यातही राखीव जागा, भरायच्या नाहीत आणि दुसरीकडे विद्यार्थ्याला व्हिडिओकडे बोट दाखवायचे, हा धोका खरा आहे आणि त्यावर रस्त्यावर उतरलेच पाहिजे.

पण म्हणून साधन टाकून द्यायचे? जिंतूरजवळच्या खेड्यातल्या मुलीला विहारातला वर्ग मिळत नाही, कारण तिथे शिकवायला माणूस नाही. माणूस पुण्यात आहे. छापखाना परकीयांनी आणला म्हणून बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढायचा थांबवला नाही. आणि मूडल ही कुणा कंपनीची बंद पेटीही नाही. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामस या माणसाने ते लिहिले, २००२ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि तेव्हापासून ते मुक्त परवान्याखाली आहे. कुणीही फुकट घ्यावे, बदलावे, वाटावे. हा माणूस लहानपणी वाळवंटातल्या दूरच्या वस्तीत राहत होता आणि त्याची शाळा बिनतारी रेडिओवरून भरत असे. शाळा नसलेल्या जागी बसून शिकण्याचा अनुभव त्या साधनाच्या जन्माशीच आहे.

साधन आपले करता येईल. प्रश्न आहे तो रचनेचा, आणि रचना म्हणजे काय हे एका उदाहरणावर सांगतो. आपल्या जवळपास प्रत्येक संघटनेने कधी ना कधी घेतलेला कोर्स : कार्यकर्त्यांसाठी ॲट्रॉसिटी कायदा.

नेहमीची पद्धत अशी. आठवडा पहिला, अस्पृश्यतेचा इतिहास. दुसरा, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. तिसरा, १९८९ च्या कायद्याची पार्श्वभूमी. चौथ्या आठवड्यात कलम ३ ची यादी वाचून दाखवली जाते. पाचव्यात समारोप. वक्ते विद्वान असतात. पण कोर्स संपवून गावी गेलेल्या पोराला रात्री अकरा वाजता फोन येतो, 'दादा, मारलंय आम्हाला, चौकीत घेत नाहीत,' तेव्हा त्याच्या हातात काय असते? इतिहास असतो.

कोर्स उलट्या टोकाने बांधायला हवा. शेवट आधी ठरवायचा : हा कार्यकर्ता ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभा आहे. त्याला काय काय करता आले पाहिजे? अंमलदार 'एनसी' घेऊन बोळवण करतो आहे. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेऊन, वाचून दाखवून, मग सही घ्यायची आणि नक्कल तिथल्या तिथे फुकट द्यायची, हे १९९५ च्या नियमांतल्या नियम ५ मध्ये आहे, हे त्याला सांगता आले पाहिजे. अंमलदार म्हणतो, 'आधी प्राथमिक चौकशी करतो, मग बघू.' त्याला कलम १८-अ आठवले पाहिजे, जे २ एप्रिल २०१८ च्या बंदनंतर त्याच वर्षी संसदेला घालावे लागले आणि ज्याने एफआयआरआधीच्या प्राथमिक चौकशीची अट काढून टाकली. तरीही नकार आला तर फिर्यादीचा मजकूर लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवता येतो. हा अर्ज त्याला स्वतःच्या हाताने लिहिता आला पाहिजे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे, हे आवाज न चढवता सांगता आले पाहिजे. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जाऊ नये आणि दोषारोपपत्राची साठ दिवसांची मुदत उलटून जाऊ नये, हे कॅलेंडरवर खूण करून पाहता आले पाहिजे. आणि दरोड्याची क्रॉस केस पडली तर घाबरून तडजोडीला बसायचे नाही, हेही.

ही यादी कागदावर आली की कोर्स जवळपास तयार झाला. आता प्रत्येक कामासाठी विचारायचे : हे त्याला येते आहे हे मला कशावरून कळेल? उत्तर 'चाचणीत ७० टक्के' असे नसते. उत्तर असते, त्याने एका काल्पनिक घटनेवरून अधीक्षकांना अर्ज लिहून मूडलवर चढवला आणि एका वकिलाने तो तपासून परत केला. आणि मग अगदी शेवटी विचारायचे, हे करता येण्यासाठी त्याला काय वाचावे, काय ऐकावे लागेल. पीडीएफची पाळी इथे येते. चाळीसातल्या पाच उरतात. इतिहास नको असे मी म्हणत नाही. पण तो त्या टेबलासमोर उभे राहण्याची ताकद देणारा असावा, वक्त्याला हातखंडा आहे म्हणून नव्हे.

मूडलमध्ये 'लेसन' नावाचा प्रकार आहे. त्यात शिकणाऱ्याने दिलेल्या उत्तरावर पुढचे पान ठरते. चौकीचा प्रसंग त्यात बांधता येतो. अंमलदार असे म्हणाला, तुम्ही काय कराल? निवडा. भांडण काढले तर एका पानावर, मुकाट परत फिरलात तर दुसऱ्यावर, नियम दाखवलात तर तिसऱ्यावर. यासाठी ना व्हिडिओ लागतो ना ॲनिमेशन. लागतो तो चौकीत चार वेळा अपमान सोसलेला एक अनुभवी कार्यकर्ता, जो अंमलदार प्रत्यक्षात काय बोलतो हे सांगू शकेल. असे लोक आपल्याकडे जिल्ह्या-जिल्ह्यात आहेत, त्यांना आपण कोर्सच्या उद्घाटनाला हार घालतो आणि अभ्यासक्रम मात्र प्राध्यापकाकडून लिहून घेतो.

चाचणीचेही तसेच. आपण चाचणी शेवटी ठेवतो, दरवाजावरच्या शिपायासारखी. चाचणी हे शिकण्याचेच साधन आहे, हे आता नीट सिद्ध झाले आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून नंतर तीनदा पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तर वाचणारे पुढे. आठवड्याने तपासले तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवत होते, वाचणाऱ्यांना ४० टक्के. म्हणजे कोर्समध्ये दर पाच-सात मिनिटांच्या मजकुरानंतर दोन प्रश्न हवेत. गुण नसलेले, कितीही वेळा सोडवता येणारे आणि चुकीच्या पर्यायालाही उत्तर देणारे.

शेवटचा मुद्दा बारीक आहे, पण त्यातच सगळे आहे. समजा प्रश्न असा : बंद खोलीत, तिसरे कोणीही नसताना, जातिवाचक शिवी दिली. कलम ३(१)(आर) आणि (एस) लागेल का? आपला कार्यकर्ता त्वेषाने 'हो' निवडतो. स्क्रीनवर लाल फुली येते, 'चूक'. तो शिकला काय? काही नाही, उलट दुखावला. त्याऐवजी त्या पर्यायाखाली लिहिलेले असावे : 'अपमान झालाच आहे. पण ही दोन कलमे सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणाबद्दल बोलतात. नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा धरला. म्हणून फिर्याद लिहिताना दार उघडे होते का, बाहेर कोण उभे होते, कुणी ऐकले, हे आधी विचारा.' एवढी चार वाक्ये एखादी केस वाचवू शकतात. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायासाठी अशी चौकट दिलेली असते. मी पाहिलेल्या बहुतेक कोर्समध्ये ती रिकामी असते.

आता फोन आणि डेटा. व्हिडिओ म्हणजेच ऑनलाइन शिक्षण, ही समजूत काढून टाकली पाहिजे. एडएक्सवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधल्या अभ्यासात दिसले की व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारण सहा मिनिटांच्या पलीकडे फारसा टिकत नाही. आपले रेकॉर्डिंग दोन तासांचे. शिवाय हिशेब करा. चांगल्या दर्जाचे तासाभराचे रेकॉर्डिंग काही शे एमबी खाते. तेच बोलणे ३२ केबीपीएसच्या ऑडिओत घातले तर तासाला १४-१५ एमबी. तेच नीट संपादित करून युनिकोड मराठीत लिहिले तर अडीच हजार शब्दांचा मजकूर ५० केबीच्या आसपास. रेंज नसलेल्या वाडीतही तो उघडतो. मूडलचे मोबाइल ॲप धडा आधी उतरवून घेऊन नंतर नेटशिवाय वाचू देते. म्हणजे मुलगी तालुक्याच्या गावी आली की आठवड्याचा कोर्स फोनमध्ये भरून घेऊ शकते.

स्कॅन केलेली पीडीएफ मात्र फोनवर वाचायची तर बोटांनी ताणून एकेक ओळ सरकवावी लागते. तीत शब्द शोधता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला ती म्हणजे कोरे चित्र. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले साहित्य कॉपी केले की मराठीच्या जागी किडे-मुंग्या उमटतात. हे सगळे पुन्हा टाइप करावे लागेल. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात फोटो निघत नाही. पण चार जिल्ह्यांतल्या पोरांनी वाटून घेतले तर एका पावसाळ्यात होते. मूडलचे मराठी भाषांतरही अर्धवट आहे आणि ते कुणीही पुढे नेऊ शकतो. 'सबमिट', 'अटेम्प्ट', 'ग्रेड' असल्या शब्दांपाशी अडखळून परत जाणारी आपली आई-बहीण त्यामुळे आत येईल.

नावाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो आहे, कारण एलएमएसवरच्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात तो तुम्हाला सापडणार नाही. महाराष्ट्रात आडनाव म्हणजे जात. मूडल प्रत्येक पोस्टवर, प्रत्येक यादीत पूर्ण नाव छापते. मिश्र वर्गात पहिल्या दिवशी पन्नास जणांची यादी उघडली की कोण कुठला हे सगळ्यांना कळलेले असते. ऑनलाइन आले म्हणून जात दाराबाहेर थांबत नाही. एप्रिल २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापिकेने पूर्वतयारी वर्गाच्या ऑनलाइन तासाला मुलांना शिवीगाळ केली. हा वर्ग अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी असतो. चित्रफीत बाहेर आली म्हणून ते देशाला कळले. एका कॉलेजच्या मूडलवर मी 'स्कॉलरशिप होल्डर' नावाचा ग्रुप पाहिला आहे. नाव आणि यादी सगळ्या वर्गाला दिसत होती. बनवणाऱ्या क्लार्कला त्यात काही वावगे वाटले नव्हते आणि लक्षात आणून दिल्यावर त्याने खांदे उडवले.

मूडलच्या प्रशासकाला पूर्ण नाव कसे दिसावे याचा साचा बदलता येतो. फक्त पहिले नाव दाखवा. शिक्षकाला पूर्ण नाव दिसण्याची सोय वेगळी ठेवता येते. पाच मिनिटांचे काम आहे. तुम्ही कॉलेजात शिकत असाल तर ही मागणी घेऊन प्राचार्यांना भेटा, निवेदन द्या. ज्या कॉलेजांत कॅमेरा लावून परीक्षा घेतात तिथेही बोला. एका खोलीच्या घरात मुलाच्या मागून आजी गेली, भाऊ गेला की यंत्र त्याला संशयित ठरवते. स्वतंत्र खोली ही परीक्षेची पात्रता कधीपासून झाली?

आपल्या स्वतःच्या कोर्समध्ये याची एक वेगळी बाजू आहे. कोणत्या गावातला कोण ॲट्रॉसिटी कायदा शिकतो आहे, त्याचा फोन नंबर काय, ही यादी आपण कुणालाही उघडेल अशा गूगल शीटमध्ये टाकून ठेवतो. त्या गावचा पाटील ती उघडणार नाही कशावरून?

चर्चेचे सांगायचे तर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय होते ते ठाऊकच आहे. नेहमीचे चार वक्ते, त्यात तीन पुरुष आणि एक आणखी पुरुष. बाकी सगळे 'जय भीम'च्या इमोजीपुरते. मूडलच्या फोरममध्ये एक प्रकार असा आहे की स्वतः उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरे दिसतच नाहीत. एवढ्या एका नियमाने गप्प बसणारी मुलगी आधी लिहिते, मग वाचते आणि तिला कळते की तिचे उत्तर त्या चौघांपेक्षा सरस होते. अर्थात तिच्या लिहिण्याला दोन दिवसांत कुणीतरी उत्तर दिले पाहिजे. नाही दिले तर ती तिसऱ्यांदा लिहिणार नाही.

इथे खरा खर्च येतो आणि इथेच आपण हात आखडतो. सर्व्हरला, बॅनरला, समारोपाच्या हॉलला पैसे जमतात. उत्तर देणाऱ्या माणसाला मात्र 'चळवळीसाठी करा' म्हणतो. साधारण पंचवीस शिकणाऱ्यांमागे एक मार्गदर्शक असल्याशिवाय कोर्स सुरू करू नये असे माझे मत आहे. पाचशे जणांची नोंदणी झाल्याचा स्क्रीनशॉट टाकण्यापेक्षा पंचाहत्तर जणांना तीन मार्गदर्शक द्या आणि त्या तिघांना मानधन द्या, थोडे का असेना. त्यांचे पहिले काम शिकवणे नाही. मूडल दाखवते की कोण कुठल्या धड्यावर थांबले. ती यादी उघडून फोन करायचा : 'ताई, तिसऱ्या धड्यापाशी का थांबलात?' उत्तरे ऐकण्यासारखी असतात. सोयाबीन काढणीला आले होते. फोन मोडला. सासूने विचारले काय करतेस. किंवा, धडाच कळला नाही. शेवटचे उत्तर तीन जणांनी दिले तर धडा पुन्हा लिहायचा, मुलांना गांभीर्याचे प्रवचन द्यायचे नाही. आणि मुदती सैल ठेवायच्या. चांगले दिसेल ते घ्यावे : एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. चार आठवडे कोलमडले तरी माणूस बाद होत नाही. ज्याच्या घरी काढणी, आजारपण आणि पोलीस ठाणे एकाच महिन्यात येऊ शकते, त्याला अशी सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे.

प्रमाणपत्राबद्दल मला फार बोलायचे नाही. ते द्या, पोरांना बायोडाटात लावायला लागते. पण हजेरीवर देऊ नका. तो अधीक्षकांना लिहिलेला अर्ज तपासून पास झाला की द्या.

एक प्रस्ताव ठेवतो. मूडलवरचा आख्खा कोर्स, धडे, प्रश्नपेढी आणि चर्चेच्या विषयांसह, एका बॅकअप फाइलमध्ये उतरवता येतो आणि दुसऱ्या कुठल्याही मूडलवर जसाच्या तसा उभा करता येतो. शिकणाऱ्यांची माहिती वगळून. मग नागपूरच्या, औरंगाबादच्या, मुंबईच्या आणि सोलापूरच्या संघटनांनी तोच ॲट्रॉसिटी कोर्स चार वेळा, चार तऱ्हेने अर्धवट का बनवायचा? गटबाजी सभेत ठेवा, फाइल वाटून घ्या. सुरुवात चौकीतल्या प्रसंगापासून करू. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत फिर्याद नोंदवायला कुणाबरोबर पोलीस ठाण्यात पाऊल टाकले आहे त्यांनी अंमलदाराने म्हटलेली वाक्ये, शब्द न बदलता, लिहून पाठवावीत. गाव, नाव, आडनाव, गुन्हा क्रमांक काही नको. नुसती वाक्ये. त्यातून प्रश्न बनवू, प्रत्येक चुकीच्या पर्यायाखालची चौकट वकील मित्रांकडून भरून घेऊ आणि फाइल ज्याला हवी त्याला देऊ.

जय भीम.